एकसष्टचा प्रश्न आणि पाटणचा मठ

एम. ए.च्या वर्गात मराठी भाषेचा इतिहास शिकवताना पाटणचा शिलालेख दरवर्षी येतो. शके ११२८ चा लेख. बराचसा संस्कृतात, अखेरच्या काही ओळी मराठीत. आम्ही त्या ओळी फळ्यावर लिहितो, विभक्तिप्रत्यय दाखवतो, क्रियापदांची रूपे सोडवून सांगतो, अक्षी आणि श्रवणबेळगोळ येथील लेखांशी तुलना करतो आणि पुढे जातो. लेख कशासाठी कोरला गेला हे एका वाक्यात उरकते: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दाने दिली. परीक्षेत टीप लिहिण्यापुरते एवढे पुरते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, की त्या मठात शिकवायचे ते ग्रंथ म्हणजे नेमके काय? आम्ही 'लीलावती'चे नाव घेतले, घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची आख्यायिका सांगितली, आणि ती आख्यायिकाच आहे हेही सांगितले. तिने पुढचा प्रश्न केला, 'आणि बीजगणितात?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दहावीनंतर आम्ही दोघांनीही गणिताशी संबंध ठेवला नव्हता, आणि मराठीच्या प्राध्यापकाने तो ठेवावा अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. त्या सुट्टीत संस्कृत संहिता आणि गणित विभागातील एका सहकाऱ्याचा संयम यांच्या आधाराने आम्ही 'बीजगणित' वाचू लागलो. पुष्कळ भाग आमच्या हातून निसटला. पण चक्रवालाच्या प्रकरणात एका संख्येपाशी आम्ही जे थांबलो ते बरेच दिवस तेथेच राहिलो. ती संख्या १७६६३१९०४९. अक्षरी, एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

ही संख्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न असा: एका पूर्णांकाचा वर्ग घ्या, त्याला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा, येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. असा पूर्णांक कोणता? भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या बीजगणित या भागात हा प्रश्न वसंततिलका वृत्तातील एका श्लोकात घातला आहे. त्याच श्लोकात ६७ चाही असाच प्रश्न आहे. विचारणारा समोरच्याला प्रथम 'सखे' म्हणतो, पुढे 'तात' म्हणतो, आणि ही विद्या तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग, असे म्हणतो. अखेरच्या चरणात 'त' या वर्णाची आवर्तने इतकी दाट आहेत की एखाद्या पंडित कवीच्या आख्यानात शोभावीत. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या काव्यगुणांची चर्चा 'लीलावती'तील हंस, भुंगे आणि कमळे यांच्यापाशी संपते. हा वेलीचा श्लोक त्या चर्चेत आम्हाला कधी भेटला नव्हता.

प्रश्न सोपा दिसतो, आणि त्याचे शेजारी खरोखरच सोपे आहेत. ६१ च्या जागी ६० घेतले तर ४ चा वर्ग १६, त्याला ६० ने गुणून ९६०, त्यात एक मिळवून ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. झाले. ६२ घेतले तर ८ आणि ६३ ही जोडी. ६३ घेतले तर नुसते १ आणि ८. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर म्हणून येतात २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. पहिल्याचा वर्ग करून ६१ ने गुणले व एक मिळवला की येते ३११९८८२९८२८६०२६४४०१, म्हणजे एकोणीस अंकी संख्या, आणि तीच दुसऱ्याचा वर्ग. याहून लहान जोडी नाही. एक, दोन, तीन असे क्रमाने तपासत बसणाऱ्याला बावीस कोटींच्या पुढे जावे लागेल, आणि इतकी मजल मारूनही उत्तर आहेच याची खात्री वाटेत कोठेच मिळणार नाही. ६१ या एवढ्याशा संख्येच्या पोटात एवढी मोठी संख्या दडलेली आहे हे विचारणाऱ्याला माहीत असल्याशिवाय त्याने ६१ निवडला नसता.

या प्रश्नांना 'वर्गप्रकृति' म्हणतात. येथील परिभाषा साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. वर्ग करायची लहान संख्या ती 'कनिष्ठ', येणारे मूळ ते 'ज्येष्ठ', वर मिळवायची रक्कम तो 'क्षेप', आणि गुणक ती 'प्रकृति'. दोन जोड्यांपासून तिसरी जोडी निर्माण करण्याच्या क्रियेचे नाव 'भावना'. मराठीत या शब्दाला मनोविकाराचा अर्थ इतका चिकटला आहे की गणिताच्या पानावर तो दिसला की क्षणभर अडखळायला होते. पण भू धातूच्या प्रयोजकातून आलेला 'अस्तित्वात आणणे' हा त्याचा जुना अर्थ येथे लख्ख दिसतो.

भावना ही ब्रह्मगुप्ताची. त्याचा 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' इ. स. ६२८ चा. त्याने ९२ आणि ८३ या प्रकृतींचे प्रश्न घातले आणि जो हे एका वर्षात सोडवील तो गणिती, असे म्हटले. ९२ चे पाहा. १० चा वर्ग १००, तो ९२ हून ८ ने अधिक. म्हणजे १ कनिष्ठ, १० ज्येष्ठ, क्षेप ८. एकाऐवजी आठ आले, म्हणजे उत्तर चुकले. ब्रह्मगुप्त ही चूक टाकून देत नाही. तो ती जोडी तिच्याशीच जोडतो: ज्येष्ठाचा वर्ग अधिक ९२ पट कनिष्ठाचा वर्ग हे नवे ज्येष्ठ, १९२, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट हे नवे कनिष्ठ, २०, क्षेपाचा होतो वर्ग, ६४. आता दोन्ही मुळांना ८ ने भागले की क्षेप १ राहतो. मुळे येतात २४ आणि अडीच. अडीच हा पूर्णांक नव्हे, म्हणून हीच क्रिया आणखी एकदा. १२० आणि ११५१. ताळा घ्या: १२० चा वर्ग १४४००, गुणिले ९२ म्हणजे १३२४८००; ११५१ चा वर्ग १३२४८०१. हे प्रथम आमच्या हाताने जमले तेव्हा आम्हाला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

भावनेने उत्तर येते ते क्षेप सोयीचा असला तर. ब्रह्मगुप्ताला क्षेप ४, २ किंवा १ (धन वा ऋण) मिळाला की पुढची वाट ठाऊक होती. तेथवर पोहोचण्याची खात्रीची रीत त्याच्यापाशी नव्हती. ती वाट म्हणजे चक्रवाल. ६१ ला भास्कराचार्य ते कसे चालवतात ते थोडक्यात सांगतो. १ आणि ८ पासून आरंभ: ६४ हा ६१ हून ३ ने अधिक, म्हणून क्षेप ३. आता अशी एक संख्या निवडायची की ती ८ मध्ये मिळवल्यावर बेरजेला ३ ने भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ती ७. तिच्या साहाय्याने पुढची जोडी ५ आणि ३९. ३९ चा वर्ग १५२१. ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. क्षेप ऋण ४. एका वळणात ब्रह्मगुप्ताच्या ओळखीच्या जागी आलो. येथून भावनेने अर्ध्यांच्या जोड्यांमधून जात ३८०५ आणि २९७१८ मिळतात, क्षेप ऋण १. आणि त्या जोडीची तिच्याशीच भावना केली की क्षेप धन १, आणि समोर २२६१५३९८० व १७६६३१९०४९.

उलगडा अर्धा पान व्यापतो. युरोपात पुढे रूढ झालेल्या, अपूर्णांकात अपूर्णांक गुंफत जाण्याच्या रीतीने याच उत्तराला बावीस पायऱ्या लागतात. चक्रवालाची गंमत अशी की प्रत्येक वळणावर ते क्षेप लहान ठेवू पाहते आणि मुळे वाढू देते. चूक आटोक्यात, आणि संख्या मोठ्या. शिवाय मोठ्या संख्यांशी थेट झुंजावे असे कोठेच लागत नाही; वळण घेताना भागाकार ३ ने किंवा ४ ने करायचा असतो.

ज्यांना संख्येचा स्वभाव पाहायचा आहे त्यांच्यासाठी आणखी थोडे. बावीस कोटींच्या त्या कनिष्ठाचे अवयव पाडले तर ते निघतात २, २, ३, ३, ५, १३, १२७ आणि ७६१. एवढी मोठी संख्या आणि सगळे अवयव लहान. कारण ती २९७१८ आणि ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट आहे, सरळ लहानांतून घडलेली. आणि ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले तर ६१ चे वर्गमूळ मिळते, दशांशचिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत बिनचूक. ६१ चे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाने नेमके सांगता येत नाही. या दोन संख्यांचा अपूर्णांक त्याच्या इतका जवळ जातो, हाही वर्गप्रकृतीच्या अभ्यासाचा एक लाभ.

आता थोडे दूर, फ्रान्समध्ये जावे लागेल, कारण हाच ६१ तेथे पुन्हा विचारला गेला. फेब्रुवारी १६५७ मध्ये तुलूझ येथील न्यायाधीश पिएर द फर्मा याने आपल्या गणिती परिचिताला, फ्रेनिकलला, लिहिलेल्या पत्रात ६१ आणि १०९ या संख्यांसाठी नेमका हाच प्रश्न घातला. तुम्हाला फार श्रम पडू नयेत म्हणून लहान संख्या निवडल्या आहेत, असेही त्याने लिहिले. ही थट्टा किती तिखट आहे हे उत्तर पाहिलेल्यालाच कळते: १०९ चे ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९, पंधरा अंकी. त्याच सुमारास त्याने इंग्लंडच्या गणितींना सार्वजनिक आव्हान दिले. शुद्ध अंकगणिताचे प्रश्न घालणारेही विरळा आणि समजणारेही विरळा, अशी तक्रार त्या आव्हानाच्या आरंभी आहे. लॉर्ड ब्राउंकर आणि जॉन वॉलिस यांनी आधी अपूर्णांकांत उत्तर दिले. ते चालणार नाही असे कळल्यावर ब्राउंकरने रीत शोधली. फ्रेनिकलने ३१३ साठी उत्तर मागितले, तेव्हा त्याने तास-दोन तासांत ३२१८८१२०८२९१३४८४९ हे ज्येष्ठ मूळ काढून दिले. हा पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये ऑक्सफर्डला छापला. पुढे ऑयलरने चुकून या समीकरणाला जॉन पेलचे नाव दिले आणि ते आजही 'पेलचे समीकरण' म्हणून शिकवले जाते.

भास्कराचार्य आणि फर्मा यांच्या निवडीत ६१ हा एकच असावा यात गूढ काही नाही. शंभराच्या आतल्या सर्व संख्या तपासल्या तर सर्वांत मोठे उत्तर ६१ चेच येते. ज्याला कठीण प्रश्न घालायचा आहे आणि ज्याच्याजवळ रीत आहे तो ६१ पाशी येणारच. दोघांच्याही हातात रीत होती याचा तो पुरावा आहे. त्याहून अधिक कशाचा नाही.

हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण येथे घसरण्याची जागा आहे. भास्कराचार्यांचे 'बीजगणित' फारसीत गेले ते १६३४ च्या सुमारास. भाषांतर करणारा अताउल्ला रश्दी हा ताजमहालाचा स्थपती उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बीबी का मकबऱ्याच्या दारावरील लेखात स्थपती म्हणून अताउल्ला हेच नाव आहे आणि अभ्यासक त्या दोघांना एकच मानतात. म्हणजे फर्माने पत्र लिहिले तेव्हा चक्रवालाची फारसी प्रत शाहजहानाच्या राज्यात तेवीस वर्षे होती. एवढ्यावर काहींची लेखणी सुटते आणि ग्रंथ तुलूझला पोहोचतो. पोहोचल्याची एकही खूण नाही. याच फारसीवरून एडवर्ड स्ट्रेचीने १८१३ मध्ये इंग्रजी केले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने थेट संस्कृतावरून. तेव्हा कोठे युरोपला हा श्लोक समजला. भारतातून परतलेल्या एखाद्या मिशनऱ्याने फर्माला ही वार्ता सांगितली असती तर तो किती चकित झाला असता, अशी कल्पना विसाव्या शतकात आंद्रे वेय या गणितज्ञाने केली. ती कल्पना आहे, आणि त्याने ती तशीच मांडली आहे.

दुसरी घसरण आपल्या जवळची. 'चक्रवाल भास्कराचार्यांनी शोधले' हे वाक्य स्मरणिकांतून आणि भाषणांतून आपण ऐकत आलो आहोत. आम्हीही ते वर्गात म्हटले आहे. परंतु मूळ सूत्र वाचणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही, कारण ग्रंथकार स्वतःच या रीतीला चक्रवाल 'म्हणतात' असे सांगतो. क्रियापद अनेकवचनी आणि परोक्ष भूतकाळाचे आहे. म्हणजे नाव आधीचे, आणि रीतही. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी दाखवले की इ. स. १०७३ च्या 'सुन्दरी' या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव नावाच्या गणितीचे श्लोक उद्धृत आहेत आणि त्यांत चक्रवालाची रीत आहे. हा जयदेव म्हणजे 'गीतगोविन्द'कार नव्हे. भास्कराचार्यांचे श्रेय यामुळे घटत नाही. रीत स्वच्छ करणे, तिला ६१ सारख्या उदाहरणाच्या ऐरणीवर धरणे आणि ती शिकवता येईल अशी लिहिणे हे काम त्यांचे. पण एका क्रियापदाचे वचन आणि काळ पाहिला असता तर जे कळले असते ते न पाहता आपण पिढ्यान्पिढ्या गौरव करीत राहिलो, आणि वचन व काळ पाहणे हा तर आमचा व्यवसाय. गौरवाला वाचनाची गरज भासत नाही, ही आमची खरी तक्रार आहे, आणि ती आधी स्वतःविरुद्ध आहे.

एक प्रश्न मात्र उरतो. चक्रवाल प्रत्येक वेळी उत्तरापाशी पोहोचेलच हे कशावरून? ६१ ला पोहोचले, ६७ ला पोहोचले. सगळ्यांना पोहोचेल का? 'बीजगणिता'त याची सिद्धता नाही. ग्रंथकाराला तशी खात्री दिसते, पण ती अनुभवाची आहे. युरोपातही तेव्हा याहून बरी स्थिती नव्हती. ब्राउंकर आणि वॉलिस यांनी उत्तरे दिली, सर्वसाधारण सिद्धता दिली नाही, असे फर्मानेच १६५९ मध्ये लिहिले. स्वतःजवळ ती असल्याचे त्याने म्हटले, पण कागदावर ठेवली नाही. असे उत्तर नेहमीच असते ही सिद्धता लाग्रांजने १७६० च्या दशकात दिली. एकोणिसाव्या शतकात हांकेल या जर्मन इतिहासकाराने लाग्रांजपूर्वी संख्याशास्त्रात चक्रवालाहून सुंदर काही घडले नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला.

पण लाग्रांजची सिद्धता त्याच्या रीतीची होती. चक्रवाल स्वतः कधी भरकटत नाही, ते नेहमी घरी येते, हे दाखवले म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी, 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'च्या १९२९-३० च्या खंडातील लेखात. ग्रंथानंतर जवळपास ७८० वर्षांनी. साहित्याच्या वाचकाला हे आडनाव दूरचे वाटेल. पण त्यांचा मुलगा आपल्या ओळखीचा आहे: कवी, भाषांतरकार, लोककथांचे संग्राहक ए. के. रामानुजन, जन्म १९२९. भारतीय विचारपद्धतीविषयीच्या त्यांच्या १९८९ च्या प्रसिद्ध निबंधात धोतरावर इंग्रजी कोट घालणारे, गणित, खगोल आणि फलज्योतिष एकाच घरात नांदवणारे वडील आहेत. तो निबंध आम्ही कितीदा शिकवला आहे. ते वडील ६१ च्या प्रश्नाचे जवळचे नातलग आहेत हे आम्हाला त्या सुट्टीपर्यंत ठाऊक नव्हते.

पाटणकडे परत. चाळीसगावजवळच्या त्या गावातील लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. लेखातील संस्कृत भाग भास्कराचार्यांची वंशावळ सांगतो: मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपालाने पंडितांचे प्रमुखपद दिले, नातू चांगदेव, सिंघणाचा ज्योतिषी. मराठी ओळींकडे आल्यावर वंश आणि वैभव संपते आणि बाजार सुरू होतो. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला, आणि घाण्यांमागे तेलाचा वाटा मठाला. संस्कृत राजासाठी आणि पंडितांसाठी. ज्यांच्याकडून वसूल करायचे त्यांच्यासाठी मराठी. जुन्या मराठी गद्याच्या थोडक्या अवशेषांपैकी या ओळी आहेत, आणि एका परीने ती ग्रंथाच्या अध्यापनाची अर्थव्यवस्था आहे. त्या तेलाच्या दिव्याखाली कोणी विद्यार्थी धूळपाटीवर ५ आणि ३९ मांडून ऋण ४ पाशी अडला असेल, असे मानायला हरकत नसावी. मठ त्यासाठीच होता.

यंदा पाटणचा लेख शिकवताना आम्ही मराठी ओळींच्या शेजारी फळ्यावर सहा अंकओळी लिहिल्या. मुले प्रथम हसली. मग एकीने २९७१८ ला २९७१८ ने, दुसऱ्याने ३८०५ ला ३८०५ ने आणि पुन्हा ६१ ने, कॅल्क्युलेटरला हात न लावता गुणायचे ठरवले. दोघांच्या कागदांवर मधल्या बेरजा चुकल्या, खोडल्या गेल्या, पुन्हा झाल्या. पहिल्या कागदावर आले ८८३१५९५२४. दुसऱ्यावर ८८३१५९५२५. आपली कोणाची तरी एकाने चूक झाली असावी असे दोघांनाही वाटले. चूक नव्हती, तो ऋण १ चा क्षेप होता. त्या दोन कागदांची बेरीज मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने वाचली: एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.